जखमेतली बायोफिल्म आणि सर्फॅक्टिन : प्रकल्प नोंदी

३ जून

बॅसिलस सबटिलिस या जिवाणूकडून सर्फॅक्टिन (साबणासारखं काम करणारा रेणू) काढायचं, शुद्ध करायचं आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जखमेतल्या जिवाणूची घट्ट बसलेली बायोफिल्म (चिकट आवरणात राहणारी वसाहत) त्याने सुटते का ते पाहायचं. सुटली, तर त्याच मात्रेला माणसाच्या पेशी तगतात का हेही तपासायचं. हे दोन प्रश्न बहुतेक वेळा वेगवेगळ्या द्रवांत, वेगवेगळ्या वेळेसाठी तपासले जातात आणि मग आकडे शेजारी ठेवून तुलना होते. इथे तसं करायचं नाही.

विषय का महत्त्वाचा: २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जुनाट जखमांपैकी ३० मध्ये बायोफिल्म आढळली, तर १६ ताज्या जखमांपैकी फक्त एकीत. अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात. जिवाणू औषधाला प्रतिकारक असतातच असं नाही. चिकट आवरणात ते मंद गतीने जगत असतात आणि औषध त्यांचं फारसं काही करू शकत नाही.

स्ट्रेन (जिवाणूचा वाण): एटीसीसी या जिवाणू-संग्रहातला २१३३२. प्रयोगशाळांमध्ये सर्रास असणारा १६८ इथे चालत नाही. त्याच्याकडे सर्फॅक्टिन बनवणारी एन्झाइमं आहेत, पण त्यांना कार्यक्षम करणारं एसएफपी हे जनुक बिघडलेलं आहे. वाढ छान होते, फेस मात्र येत नाही.

रॅम्नोलिपिड (जिवाणूंकडूनच मिळणारा दुसरा सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ) का नाही: ते देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा स्वतःच जखमेतला शत्रू आहे, आणि रॅम्नोलिपिड हे त्याचं न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) फोडण्याचं हत्यार आहे. शिवाय प्रत्येक बॅचमागे एंडोटॉक्सिन (अशा जिवाणूंच्या आवरणातलं विष) काढत बसावं लागतं, आणि सर्फॅक्टंटच्या उपस्थितीत ते मोजणारी लिम्युलस चाचणी दबून खोटी ‘स्वच्छ’ येऊ शकते. ज्यांना ते करायचं असेल त्यांनी नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन घालून ५० ते २०० टक्के परत मिळतं का हे आधी पाहावं, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

५ जून

माध्यम, १ लिटरसाठी: ग्लुकोज ४० ग्रॅम, अमोनियम नायट्रेट ४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४.०८ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ५.६८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२ ग्रॅम. याशिवाय कॅल्शियम क्लोराइड ७ मायक्रोमोलर, फेरस सल्फेट ४ मायक्रोमोलर, ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) ४ मायक्रोमोलर. शेवटच्या तिन्हींचे हजारपट स्टॉक करून १ मिलि घालायचे. मिलिग्रॅममध्ये वजन करायला जाऊ नये.

ग्लुकोज वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिसळायचं. एकत्र केलं की माध्यम तपकिरी होतं आणि तो रंग पुढे आम्लाने खाली बसवलेल्या साक्यात उतरतो. लोह वेगळं फिल्टर करून शेवटी घालायचं, नाहीतर फॉस्फेटबरोबर खाली बसतं. लोह कमी पडलं की उत्पादन पडतं, हे १९८१ पासून माहीत आहे, आणि तरीही सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

८ जून

१ लिटरच्या फ्लास्कमध्ये २०० मिलि, ३०°से, २०० फेरे, ४८ तास. त्याहून जास्त भरू नये.

१६ तासांनंतर फेस चढायला लागला. तीन फ्लास्कपैकी एकात तो कापसाच्या बोळ्यापर्यंत पोचला आणि बोळा भिजला. ओल्या बोळ्यातून हवा आत जात नाही, बाहेरचे जिवाणू मात्र शिरतात. तो फ्लास्क टाकला. फेस मारायला सिलिकॉनचं अँटिफोम घालण्याचा मोह होतो, पण ते मालाबरोबर शेवटपर्यंत येतं आणि पृष्ठताणाचं मोजमाप नासवतं. फ्लास्कमध्ये माध्यम कमी घेणं हाच खरा इलाज. मोठ्या फर्मेंटरवर फेस बाहेरच्या बाटलीत उतरवून घ्यावा. सर्फॅक्टिन फेसातच साठतं, त्यामुळे फेस म्हणजे अर्धवट शुद्ध झालेला माल आहे.

पीएच दर आठ तासांनी पाहिला. ग्लुकोजमुळे तो उतरत जातो. ६ च्या खाली गेला की सर्फॅक्टिन पेशींबरोबरच खाली बसायला लागतं. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने ६.७ च्या आसपास ठेवला.

झटपट चाचणी: १५ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ४० मिलि पाणी, त्यावर २० मायक्रोलिटर खनिज तेलाचा पातळ थर, मध्ये १० मायक्रोलिटर नमुना. थर क्षणात फाटून मधे स्वच्छ वर्तुळ पडलं. नुसत्या माध्यमाच्या थेंबाने काहीच झालं नाही. रिंग टेन्सिओमीटरवर २५°से ला पाणी ७२, पेशी काढलेला द्रव २८ मिलिन्यूटन प्रति मीटर. हा आकडा ‘सर्फॅक्टिन आहे’ एवढंच सांगतो, ‘किती आहे’ ते सांगत नाही. क्रांतिक मायसेल सांद्रता (ज्या पातळीला रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे करतात) ओलांडली की पृष्ठताण तिथेच थांबतो. प्रमाण हवं असेल तर द्रव १० पट, १०० पट पातळ करून पृष्ठताण कुठे वर उचलला जातो ते पाहावं.

१० जून

सेंट्रिफ्यूज: १०,००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), ४°से, २० मिनिटं. वरचा द्रव काढून पुन्हा तसंच एकदा. दुसरी फेरी टाळू नये. उरलेल्या पेशी आम्लात साक्याबरोबर बसतात आणि मग वेगळ्या करता येत नाहीत.

६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ढवळत ढवळत थेंबाथेंबाने, पीएच २.०. द्रव आधी दुधट होतो, मग ताक फुटल्यासारखे पांढुरके कण दिसतात. रात्रभर ४°से. सकाळी सेंट्रिफ्यूज, साका पीएच २ च्या पाण्याने एकदा धुतला, थोड्या पाण्यात कालवून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ केला. सगळं विरघळलं पाहिजे. जे विरघळत नाही ते बहुतांशी प्रथिन. मग फ्रीज-ड्राय, मिथेनॉलमध्ये दोन तास ढवळणं, गाळणं, रोटरी इव्हॅपोरेटर.

मिळालेला पदार्थ फिकट बदामी, बोटांना मेणचट. पांढराशुभ्र नाही, म्हणजे रंगद्रव्य अजून आहे.

१३ जून

बीजाणूंबद्दल. बॅसिलसचे बीजाणू (त्याचं टणक, सुप्त रूप) आम्ल, मिथेनॉल, फ्रीज-ड्राय हे सगळं पचवतात. जखमेवर जायच्या मालात ते राहता कामा नयेत. १० मिलिग्रॅम माल १० मिलि पाण्यात, पीएच ८, ८०°से ला १० मिनिटं (साध्या पेशी मरतात, बीजाणू तगतात), मग अगारवर. प्लेटवर वसाहती उगवल्या. १०,००० जीच्या दोन फेऱ्या आणि मिथेनॉलचं गाळण पुरलं नव्हतं.

उपाय: पीएच ८ चं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून. मायसेल त्यातून आरामात जातात, बीजाणू अडकतात. पुन्हा तीच चाचणी, तीन दिवस ठेवून प्लेट कोरी. यापुढे फिल्टर न केलेला माल कुठल्याही पेशींच्या प्रयोगात जाणार नाही.

१७ जून

शुद्धता, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र). सी१८ कॉलम, ॲसिटोनायट्राइल आणि पाणी ८०:२०, ०.१ टक्का ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल, २०५ नॅनोमीटर. एकच शिखर येत नाही, यायलाही नको: मेदाम्लाची साखळी १३, १४, १५ कार्बनची असते. मास स्पेक्ट्रममध्ये १००८, १०२२, १०३६ आणि प्रत्येकाची २२ ने पुढची सोडियमवाली जोडी दिसली. १४ चं अंतर दिसलं की ओळख पटते.

बाजारातल्या प्रमाण सर्फॅक्टिनशी तुलना केली तर माल जेमतेम अर्धा शुद्ध. म्हणून आणखी एक पायरी: पाण्यात १० किलोडाल्टनच्या पडद्यावर अल्ट्राफिल्ट्रेशन. हजार डाल्टनचा रेणू खरं तर पार जायला हवा, पण मायसेल मोठे असल्याने ते वरच राहतात आणि क्षार, साखर निघून जाते. मग ५० टक्के मिथेनॉल घातलं की मायसेल मोडतात, सर्फॅक्टिन पार होतं आणि प्रथिनं वर राहतात. अतिशय सुंदर पायरी आहे. यापुढच्या सगळ्या मात्रा एचपीएलसीवर मोजलेल्या शुद्ध सर्फॅक्टिनच्या, तराजूवरच्या वजनाच्या नव्हेत.

२५ जून

पहिली बायोफिल्म प्लेट, वाया गेली. कारणं लिहून ठेवण्यासारखी आहेत.

मांडणी: स्टॅफ. ऑरियस एटीसीसी २९२१३, रात्रभराचं कल्चर १:१००, ट्रिप्टिक सोय ब्रॉथ अधिक १ टक्का ग्लुकोज, ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) पॉलिस्टायरीन प्लेट, वेलमागे २०० मायक्रोलिटर, ३७°से, न हलवता २४ तास. कडेच्या ३६ वेलमध्ये फक्त पाणी, कारण कडेला बाष्पीभवन जास्त होतं. मग त्याच माध्यमात सर्फॅक्टिन घातलं, शेवटची मात्रा १६ ते २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलि.

पहिली चूक: २४ तासांत जिवाणूंनी ग्लुकोज आंबवून माध्यम बरंच आम्ल केलेलं असतं. त्यात सर्फॅक्टिन पडलं की क्षणात गढूळ. जे औषध द्यायचं ते वेलच्या तळाशी साका होऊन बसलं आणि क्रिस्टल व्हायोलेटने (बायोफिल्म मोजण्यासाठीचा जांभळा रंग) तेही रंगलं. वरच्या मात्रांना बायोफिल्म वाढल्यासारखी दिसली ती यामुळे.

दुसरी चूक: बुडबुडे. मल्टिचॅनल पिपेटने नेहमीसारखं शेवटपर्यंत दाबलं की सर्फॅक्टिनच्या वेलमध्ये फेस होतो. वेलचा अर्धा भाग फेसाने भरला की द्रव बायोफिल्मला नीट भिडत नाही आणि वाचनही चुकतं. उलट पद्धतीने भरावं: आधी दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून जास्त ओढायचं, सोडताना पहिल्या टप्प्यावर थांबायचं. उरलेले बुडबुडे १०० जीला दोन मिनिटं प्लेट फिरवून जातात.

२ जुलै

दुरुस्त मांडणी. २४ तासांनी माध्यम काढून टाकलं, एकदा हलकेच धुतलं, आणि सर्फॅक्टिन पीएच ७.४ च्या बफरमध्ये दिलं: २० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ. फॉस्फेट बफर मुद्दाम टाळला, पुढे कॅल्शियम घालायचं आहे. नियंत्रणं चार: नुसता बफर, त्याच पीएचचं पण सर्फॅक्टिन नसलेलं द्रावण, सोडियम डोडेसिल सल्फेट, आणि जिवाणू नसलेले वेल. डोडेसिल सल्फेट हवंच. साध्या साबणालाही जे जमतं ते सर्फॅक्टिनचं वैशिष्ट्य म्हणून मांडता येणार नाही.

रंगवणं: ६०°से ला एक तास वाळवून, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट १५० मायक्रोलिटर, १५ मिनिटं, तीनदा पाणी, ३० टक्के ॲसिटिक आम्ल २०० मायक्रोलिटर, त्यातले १२५ नव्या प्लेटमध्ये, ५५० नॅनोमीटर.

जांभळा रंग मात्रेबरोबर स्पष्ट उतरला. बहुतेक लेख इथे थांबतात. तसं करून चालणार नाही. शेजारच्या प्लेटवर मोजणी केली: वेलमधला द्रव, धुण्याचं पाणी आणि तळाशी चिकटलेले (पाच मिनिटं सोनिकेटर बाथ आणि खरवडून) असे तीन वेगळे नमुने, प्रत्येकाचं १० पट विरलन, १० मायक्रोलिटरचे थेंब अगारवर. तिन्हींची बेरीज नियंत्रणाच्या जवळपास तेवढीच आली. बायोफिल्म सुटली होती, मेली नव्हती. जे जिवाणू तळाशी नव्हते ते द्रवात जिवंत तरंगत होते.

या प्रकल्पासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल. जखमेत असं झालं आणि पुढे काहीच केलं नाही, तर सुटलेले जिवाणू शेजारी जाऊन पुन्हा बसतील. सर्फॅक्टिनचं काम दार उघडण्याचं. आत शिरून मारायला दुसरं काहीतरी हवं.

१० जुलै

कॅल्शियम. सर्फॅक्टिनच्या कड्याच्या घडीमुळे ग्लुटामिक आणि ॲस्पार्टिक आम्ल जवळ येतात आणि दोघं मिळून कॅल्शियमचा एक आयन धरतात. अँटिबायोटिक चाचणीच्या प्रमाणित म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ०.५ ते ०.६ मिलिमोलर. २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलि सर्फॅक्टिन म्हणजे साधारण ०.२५ मिलिमोलर. म्हणजे सगळ्यात वरच्या मात्रेलाही कॅल्शियम दुप्पट आहे. रक्तद्रवात मोकळं कॅल्शियम याहूनही जास्त, १.२ मिलिमोलरच्या आसपास. कॅल्शियम नसलेल्या बफरमधला छान आकडा जखमेला लागू नाही.

०, ०.५, १.२ आणि २.५ मिलिमोलरला तपासलं. कमी मात्रांना द्रावण स्वच्छ, वरच्या मात्रांना १.२ पासून धूसर. परिणाम कमी झाला, संपला नाही. ईडीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकावं असं सुचेल, पण ईडीटीए एकटंच बायोफिल्म सैल करतं. मग श्रेय कोणाचं हे कळत नाही. यापुढे सगळे बफर १.२ मिलिमोलर कॅल्शियमसकट.

२२ जुलै

कृत्रिम जखमद्रव: ५० टक्के फीटल काफ सीरम (वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रव), उरलेलं ०.१ टक्का पेप्टोन पाणी. यातच बायोफिल्म वाढवली आणि यातच सर्फॅक्टिन दिलं.

६४ मायक्रोग्रॅमला बफरमध्ये जे दिसलं होतं ते इथे जवळपास नाहीसं. सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन सर्फॅक्टिनच्या मेदाम्लाची शेपटी धरून बसतं आणि मोकळं सर्फॅक्टिन फार थोडं उरतं. परिणाम दिसायला १ मिलिग्रॅम प्रति मिलि लागलं.

३१ जुलै

लाल पेशी. त्या फुटतात का ते पाहायचं. मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गुठळी करणारं प्रथिन काढलेलं) रक्त, तीनदा धुऊन २ टक्के, ३७°से, एक तास, फिरवून वरचा द्रव ५४० नॅनोमीटरला. शंभर टक्क्यांसाठी ट्रायटन एक्स-१०० (सगळ्या पेशी फोडणारं डिटर्जंट).

नुसत्या बफरमध्ये ३२ मायक्रोग्रॅमपासूनच द्रव तांबूस. ६४ ला नळीतली पेशींची गोळी लहान झालेली आणि वरचा थर रसरशीत लाल. इथे थांबलं तर सर्फॅक्टिन बाद ठरतं. पण ५० टक्के सीरममध्ये तीच चाचणी केली की ६४ चा द्रव स्वच्छ दिसतो. जे अल्ब्युमिन बायोफिल्मला वाचवतं तेच लाल पेशींनाही वाचवतं.

म्हणून बायोफिल्मची मात्रा सीरममधली आणि रक्तपेशींची बफरमधली, किंवा उलट, अशी तुलना करणं ही चूकच. दोन्ही वक्र एकाच द्रवात काढले तर त्यांच्यात फट राहते, पण अरुंद. आणि १ मिलिग्रॅमला तासाभरात सीरममध्येही पेशी फुटायला लागतात. १५ मिनिटांना मात्र तसं फारसं दिसलं नाही. रुग्णाला सुरक्षित काय हे मात्रा आणि वेळ या दोन्हींवर ठरणार आहे. दिवसभर बसणारी पट्टी हा विचार इथे सोडला. थोडा वेळ ठेवून काढून टाकायचं द्रावण करायचं. पॉलिहेक्झानाइड आणि बीटेनचं जखम भिजवण्याचं द्रावण १० ते १५ मिनिटंच ठेवतात, तेच तुलनेला घेणार.

१२ ऑगस्ट

ओरखडा चाचणी, हाकॅट पेशी (माणसाच्या त्वचेच्या). पूर्ण भरलेला थर, मायटोमायसिन सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि दोन तास, म्हणजे दिसणारी हालचाल पेशींच्या सरकण्याची असते, विभाजनाची नाही. २०० मायक्रोलिटरच्या टिपने सरळ रेघ, दोनदा धुणं, मग १५ मिनिटं सर्फॅक्टिन, पुन्हा धुऊन १ टक्का सीरमचं माध्यम. फोटो ०, १२, २४ तास.

फसायची जागा: शून्य तासाचा फोटो सर्फॅक्टिनच्या आधी घेतला तर घोटाळा होतो. सर्फॅक्टिन रेघेच्या कडेच्या पेशी सोलतं, जखम आधी रुंदावते आणि मग भरण्याचा वेग उगाच कमी दिसतो. फोटो धुतल्यानंतर घ्यावा, आणि ज्या वेलची कड गुंडाळी होऊन उठली आहे ते वेल ‘विषारी’ म्हणून वेगळे नोंदवावेत, सरासरीत मिसळू नयेत. सीरमसकट १५ मिनिटांना रेघ नियंत्रणाइतकीच मिटली. वेगाने मिटली नाही. सर्फॅक्टिन जखम भरून आणतं असा दावा या निकालातून करता येणार नाही. भरण्यात अडथळा आणत नाही, एवढंच.

२१ ऑगस्ट

वाहून जाऊ नये म्हणून जेल. अल्जिनेट कॅल्शियमने घट्ट करतात, त्यामुळे सर्फॅक्टिन पांढऱ्या रेषा होऊन बाहेर पडलं. कायटोसान धनभारित, सर्फॅक्टिन ऋणभारित: मिसळताच गुठळ्या. हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज २.५ टक्के चाललं. त्याला भार नाही. पावडर थंड पाण्यावर भुरभुरवत तासभर ढवळणं, ऑटोक्लेव्ह, थंड झाल्यावर फिल्टर केलेलं सर्फॅक्टिन हलक्या हाताने मिसळणं. जोरात ढवळलं तर अडकलेली हवा आठवडाभर निघत नाही. ४°से ला १४ दिवसांनी पीएच ७.५, जेल स्वच्छ.

३ सप्टेंबर

चार गट, सगळे ५० टक्के सीरममध्ये: काहीच नाही, सर्फॅक्टिन जेल १५ मिनिटं, व्हँकोमायसिन (अँटिबायोटिक) १६ मायक्रोग्रॅम प्रति मिलि २४ तास, आधी जेल, धुणं, मग व्हँकोमायसिन. मोजणीआधी लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेल्या निष्प्रभावी करणाऱ्या ब्रॉथमध्ये नमुना, म्हणजे सर्फॅक्टिन अगारवर पोचून खोटी घट दाखवत नाही. व्हँकोमायसिन त्याने जात नाही; त्यासाठी पेशी दोनदा धुतल्या.

नुसत्या जेलचा गट २४ तासांत नियंत्रणाच्या पातळीला परतला. नुसत्या व्हँकोमायसिनने थोडी घट. दोन्ही एकापाठोपाठ दिलेल्या गटात सगळ्यात मोठी घट, तिन्ही फेऱ्यांत. क्रम उलटा करून पाहिला: आधी औषध, मग जेल. फायदा जवळपास नाही.

धुतलेल्या जेलमध्ये जिवंत जिवाणू भरपूर होते. ते गॉझने टिपून काढायचं, ओघळू द्यायचं नाही; टाकण्याआधी ब्लीचमध्ये अर्धा तास.

१५ सप्टेंबर

सीरमऐवजी ५० टक्के प्लाझ्मा (गुठळी करणारी प्रथिनं अजून असलेला रक्तद्रव) घेतला. स्टॅफ. ऑरियसच्या कोॲग्युलेझने (प्लाझ्मा गोठवणारं त्याचं प्रथिन) रात्रीतून वेलमध्ये गच्च गोळा जमला, प्लेट उलटी केली तरी पडत नाही. त्यावर जेलचा परिणाम अगदी किरकोळ. जिवाणू फायब्रिनच्या (गुठळीतलं तंतुमय प्रथिन) जाळ्यात आहेत आणि सर्फॅक्टंट फायब्रिन विरघळवत नाही. खऱ्या जखमेत ही जाळी असतेच.

पुढची प्लेट: गोळा निर्जंतुक लूपने खरवडून काढायचा, उरलेल्या थरावर जेल १५ मिनिटं, मग व्हँकोमायसिन. शेजारी खरवडणं आणि व्हँकोमायसिन, पण जेल नाही, असा गट. खरवडल्यानंतर औषध देईपर्यंत ०, २४ आणि ४८ तासांचं अंतर ठेवून तिन्ही पाहायचं, कारण खरवडलेल्या जखमेत नवी बायोफिल्म पहिल्या एक-दोन दिवसांत कोवळी असते. प्रत्येक अंतराला सहा वेल, कडेचे वेल पाण्याचे.